खेकडा सरळ रेषेत खणत नाही

धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. आणि त्या दोन्हींच्या मागून हलके, घाईघाईचे दोन. धप् धप्.

दचकू नका मंडळी, माइक बिघडलेला नाही. छप्पन वर्षांपूर्वीचा आवाज आहे हा. भातखाचराच्या बांधावर ओला चिखल थापायचा आणि लाकडी चोपण्यानं तो चोपून घट्ट करायचा, तेव्हा असा आवाज येई. पहिला जड ठोका वडिलांचा, दुसरा माझा, आणि ते हलके दोन माझ्या धाकट्या भावाचे. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. वडिलांनी फळकुटाचं एक छोटं चोपणं त्याच्यापुरतं करून दिलं होतं. आज या सभागृहाचा जिना चढताना खाली गोदामात कुणीतरी बियाण्याची पोती आदळत होतं आणि माझ्या कानात एकदम हा आवाज सुरू झाला. म्हाताऱ्याच्या कानाचं असंच. शेजारी बसलेला काय म्हणाला ते दोनदा विचारावं लागतं, पण लहानपणचं सगळं लख्ख ऐकू येतं.

असो. अध्यक्षांना नमस्कार करायच्या आधीच मी बांधावर जाऊन बसलो. आता रीतसर सुरुवात करतो.

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या भातगिरणीचे चालक. शेती कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले साहेब. व्यासपीठाच्या कडेला संकोचून बसलेले, पण बायकोच्या चिखलानं भरलेल्या चपला सव्वीस वर्षं विनातक्रार धुणारे बाईंचे यजमान. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या सत्कारमूर्ती, शेती कार्यालयातून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सर्वांच्या बाई. आणि समोर बसलेल्या माझ्या वरच्या, मधल्या आणि खालच्या खाचरांतल्या बंधू-भगिनींनो,

तुमच्या लक्षात आलं का, तुम्ही खुर्च्यांवरसुद्धा उताराच्या क्रमानंच बसला आहात? वरच्या खाचरांची मंडळी पुढे पंख्याखाली, आणि खालच्या खाचरांची मंडळी मागे दाराशी, जे काही वाहत येईल ते घ्यायला. सवय, दुसरं काय!

निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ द्यायची पद्धत आहे. ज्याला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला माझ्या निरोपाच्या दिवसापासून पडलेलं कोडं आहे. आपल्या पाणी गटानं मात्र बाईंना गमबूट दिले. साहेब मघाशी हसले. साहेब, हसा, पण त्यातला अर्थ ध्यानात घ्या. आम्ही बाईंना घरी पाठवत नाही आहोत. कार्यालयातून मोकळं करून पूर्णपणे आमच्याकडे ठेवून घेत आहोत. (टाळ्या नंतर. माझं भाषण लांबणार आहे, हात राखून ठेवा.)

बाई पहिल्यांदा आपल्याकडे आल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी तेव्हा चौथीच्या वर्गाला शिकवत होतो. दारात एक सडपातळ बाई, खांद्याला झोळी, झोळीत काचा किणकिणत होत्या. मला वाटलं, औषधं विकायला आल्या. त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमच्या वर्गाच्या खिडकीत ऊन येतं का?"

म्हटलं, "सकाळी येतं."

"मग ही खिडकी मला आठ दिवस द्या."

बस, एवढंच. योजनेचं नाव नाही, तक्ता नाही, 'शेतकरी बांधवहो' नाही. त्या आठवड्यात लावणीच्या आधीची चिखलणी चालू होती. बाईंनी घरोघरी रिकाम्या बाटल्या वाटल्या आणि सांगितलं, चिखलणी झाली की तुम्ही बांधाचं तोंड उघडून जास्तीचं पाणी सोडता ना, त्यातलं बाटलीभर मला आणून द्या. अडतीस कुटुंबं, अडतीस बाटल्या. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. सगळ्या माझ्या खिडकीत ओळीनं उभ्या. पहिल्या दिवशी सगळ्या सारख्याच दिसत होत्या, चहाच्या रंगाच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं आणि बाटल्या बोलायला लागल्या. वर पाणी निवळलेलं, तळाशी माती बसलेली. कुणाच्या तळाशी नखाएवढी, कुणाच्या बोटभर. एका बाटलीत चार बोटं.

वर्गातली मुलं चिठ्ठ्या वाचत होती. एक चुणचुणीत मुलगी ओरडली, "गुरुजी, ही तुमची!"

मंडळी, आदल्याच दिवशी मी त्यांना मातीवरची कविता शिकवली होती. डोळे मिटून, चाल लावून, माझा आवाज शेवटच्या कडव्याला भरून आला होता. आणि आता चाळीस मुलं एकदा माझ्याकडे आणि एकदा बाटलीकडे पाहत होती. तेवढ्यात खिडकीबाहेरून आपले पंपवाले, ते तिथं चौथ्या रांगेत मान खाली घालून बसलेत, तेच, गजांतून डोकावून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही माती शिकवता की वाटता?"

वर्ग फुटला हसून. मीही हसलो; न हसून सांगतो कोणाला?

सगळ्यात जास्त माती माझीच का गेली? कारण सगळ्यात जास्त घाई मला. शाळेची घंटा व्हायच्या आत चिखलणी उरकायची, तोंड उघडायचं, पाणी खाली सोडायचं आणि पाय न धुता शाळेकडे धावायचं. चिखल अजून पाण्यात तरंगत असायचा. बाईंनी माझी बाटली उचलून उन्हात धरली आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, एवढी माती तयार व्हायला तुमच्या पणजोबांच्या आधीपासून वेळ लागलाय. काल सकाळी तुम्ही ती ओढ्याला देऊन टाकलीत." आणि बाटली होती तिथं ठेवून दिली. पंचवीस वर्षं वर्गात बोलून जे मला जमलं नव्हतं, ते या बाईनं एका वाक्यात केलं.

त्या दिवसापासून त्यांचं नाव बाटलीबाई पडलं. बाई, तुम्हाला हे नाव ठाऊक नाही अशी आमची समजूत आहे. यजमान हसताहेत, म्हणजे ठाऊक आहे.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी मिळून केलं. चिखलणीनंतर तीन दिवस तोंड बंद, माती तळाशी बसेपर्यंत पाणी सोडायचं नाही. ऐकायला सोपं. पण तेव्हा खालच्या मंडळींनी केवढा गलका केला होता! "वरच्यांची माती बसेपर्यंत आमची रोपं पिवळी पडायची का?" "पाणी काय त्यांच्या सासऱ्याचं आहे?" बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग जमिनीवर काडीनं पायऱ्या काढल्या आणि समजावलं: सगळ्यात वरच्यानं आधी चिखलणी करायची, त्याचं पाणी निवळेपर्यंत त्याच्या खालच्यानं आपला बांध चोपायचा, तण काढायचं, वरून निवळ पाणी आलं की मग त्याची चिखलणी. मला तर ते गाणं वाटलं. एकानं कडवं संपवायचं, दुसऱ्यानं उचलायचं, आणि ध्रुवपद सगळ्यांचं एकच. त्याच आनंदात मी दोन ओळी जुळवल्या आणि शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिल्या. तुमच्यातल्या पुष्कळांना अजून पाठ असतील:

तीन दिवस तू थांब जरासा, तळी बसू दे मातीला;
निवळ होउनी जाइल पाणी शेजाऱ्याच्या भेटीला.

शाबास! मागच्या रांगेतून आवाज आला. कविता म्हणून ती काही फार थोर नाही, मला माहीत आहे. पण माझ्या माहितीत ही एकच कविता आहे जिचं अडतीस कुटुंबांनी खरंच ऐकलं.

तिसऱ्या वर्षी ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका विचारायला लागल्या, "यंदा लावणी नाही की काय? पाणी तर स्वच्छ आहे!" बाई, तुम्हाला कार्यालयातून काय काय प्रमाणपत्रं मिळाली असतील ती मिळाली असतील. त्याहून मोठं प्रमाणपत्र मला तरी दिसत नाही.

मग आलं गवताचं प्रकरण. अध्यक्ष महाराज, क्षमा करा, इथं तुमचा उल्लेख अटळ आहे. आपल्याकडे बांध खरवडून तुळतुळीत ठेवणं ही अब्रूची गोष्ट होती. बांधावर गवत दिसलं की तो माणूस आळशी. आणि अध्यक्षांचा बांध म्हणजे काय वर्णावा! त्यात पाहून भांग पाडावा. खरवडता खरवडता दर वर्षी विळ्याबरोबर बोटभर बांधही जायचा, आणि शेजाऱ्याच्या बाजूनं जरा जास्तच जायचा, पण तो विषय आज नको. बाई म्हणाल्या, गवत राहू द्या, कापून गुरांना घाला, पण मुळाला हात लावू नका. बांधाला धरून ठेवणारं तेच आहे. अध्यक्ष महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. मग एका मोठ्या पावसात त्यांचा तुळतुळीत बांध विरघळला आणि शेजारच्या आळशी माणसाचा केसाळ बांध तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः मला विचारलं, "गुरुजी, गवताची ठोंबं कुठं मिळतील हो?"

हसताय ना? हसून घ्या. आता मला जे सांगायचं आहे, त्यात हसण्यासारखं फारसं नाही. घोटभर पाणी पितो.

बाईंकडे एक जाड वही आहे. तिला त्या बांधनोंद म्हणतात. आपल्या उतारावरचा प्रत्येक बांध, त्याची लांबी, त्याचा सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी उतरण्याची दगडी वाट, आणि कधी कुठे बांध फुटला तर त्याची तारीख आणि कारण. अतिवृष्टी, मुळाशी पोकळी, सांडवा तुंबला, गुरांनी तुडवला. सव्वीस वर्षांत एकही रकाना बाईंनी कोरा सोडला नाही. एक सोडला. त्या कोऱ्या रकान्याविषयी मला बोलायचं आहे.

वडिलांच्या मागे आमच्या खाचरांची वाटणी झाली. वरचं माझ्याकडे, खालचं धाकट्याकडे, मधला बांध माझ्या जबाबदारीचा. खालचं खाचर सगळ्या उतारातलं शेवटचं, त्याच्यापुढे ओढा. तुमच्या सगळ्यांचं पाणी शेवटी तिथूनच जायचं. धाकटा माझ्यापेक्षा जीव ओतून काम करणारा. मी शाळेच्या घंटेत अडकलेला, तो पूर्ण शेतीचा. आमचं चांगलं चाललं होतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या पावसापर्यंत.

चार दिवस पाऊस थांबला नव्हता. लावणी होऊन आठवडा झाला होता. त्या दुपारी शाळा लवकर सोडली आणि मी थेट खाचरावर गेलो. माझी रोपं बुडाली होती, नुसते शेंडे दिसत होते. सांडव्यात काटक्या आणि पालापाचोळा अडकून तो तुंबला होता. मला काय करायचं ते ठाऊक होतं. सांडव्यात उतरून हातानं तो कचरा ओढायचा. एकट्याला जमलं नसतं, तर मधल्या खाचरांतून कुणाला तरी हाक मारायची. अर्ध्या तासाचं काम. पण त्या पावसात उभं राहून मला तो अर्धा तास डोंगराएवढा वाटला.

मी कुदळ घेतली आणि बांधावर मारली. तीन वेळा. चौथ्यांदा मारावी लागली नाही. बाकीचं पाण्यानंच केलं.

माझं खाचर घटकाभरात मोकळं झालं. बांधाची माती, दगड, तळची वाळू, सगळं धाकट्याच्या कोवळ्या लावणीवर जाऊन पडलं. अर्ध्या खाचरावर गुडघाभर. तो बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता. संध्याकाळच्या आत परतला आणि तसाच धावत आला. बांधावर उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, कसं झालं हे?"

मी म्हटलं, "खेकड्यांनी पोखरला होता आतून."

तो म्हणाला, "तुझी रोपं वाचली ना? बरं झालं. एकाची तरी वाचली."

मंडळी, तो ओरडला असता, माझी गचांडी धरली असती, तर कदाचित मी तिथंच खरं बोललो असतो. त्याच्या त्या एका वाक्यानं माझी जीभ टाळ्याला चिकटली, ती एकोणीस वर्षं सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई नोंद घ्यायला आल्या. तुटलेल्या बांधात उतरल्या. पाण्यानं खाल्लेला भाग त्यांनी पाहिला, मग वरच्या कडेवरून हात फिरवला. तिथं कुदळीचा वार अजून तसाच होता. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कारण काय लिहू?"

म्हटलं, "खेकडे."

त्या म्हणाल्या, "गुरुजी, खेकडा सरळ रेषेत खणत नाही."

आणि वही मिटली. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून मी लिहीत नाही. तुम्ही पाहिलंय. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी लिहीन." त्यानंतर कुणाहीजवळ त्यांनी यातलं अक्षर काढलं नाही. पण दर वर्षी लावणीनंतर त्या माझ्या घरी यायच्या, चहा घ्यायच्या, ते पान उघडून दोन मिनिटं तसंच मांडीवर ठेवायच्या. मी कपबशीकडे बघत बसायचो. मग वही मिटायची. "येते गुरुजी." झालं.

तुम्हाला वाटेल, एका बांधाची गोष्ट, भावाभावातली. पण खोट्याचंही पाणीच असतं, ते खाली उतरतंच. माझी खेकड्यांची कथा आठ दिवसांत उतारभर पसरली. आठवतंय ना? तुम्ही सगळे खेकड्यांच्या मागे लागलात. बिळांत चुना ओतलात, धूर केलात, पोरांना खेकड्यांमागे लावलंत. पंपवाल्यांनी तर पंप लावून बिळं उपसली! दोन वर्षं ही लढाई चालली. बाई परोपरीनं सांगत होत्या, एवढा काही दोष नाही हो त्यांचा. तुम्ही त्यांनाच समजावत होतात, "बाई, गुरुजींनी स्वतः पाहिलंय." गुरुजींनी पाहिलंय, म्हणजे विषय संपला.

काय? जरा मोठ्यानं बोला पंपवाले. "दोन वर्षं माझा पंप चिखलात कुजला," म्हणतात. खरं आहे. तुमच्या पंपाची आणि त्या खेकड्यांची, दोघांचीही मी जाहीर माफी मागतो. हसू नका, मनापासून मागतोय.

धाकट्यानं दोन हंगाम वाळू उपसली. पाटीनं. मी मदतीला जायचो, तो म्हणायचा, "दादा, तुझी शाळा आहे, तू जा." तिसऱ्या वर्षी त्यानं पाटी ठेवली, बायकामुलांना घेऊन शहरात गेला आणि एका शीतगृहात नोकरी धरली. त्याचं खाचर तेव्हापासून पडीक आहे.

त्याचा परिणाम काय झाला, तो त्याच्या शेजारच्या खाचरवाल्या शिंपीदादांना विचारा. तुम्हा सगळ्यांचं पाणी त्या पडीक खाचराला वळसा घालून कडेच्या चिंचोळ्या चरातून ओढ्यात जातं आणि दर वर्षी शिंपीदादांच्या खाचराचा कोपरा खातं. गेल्या वर्षी दोन वाव, म्हणजे आठ हात गेला. बाईंनी नकाशा करून ठेवलाय. धाकट्याच्या खाचरातून दगडी सांडवा काढला तर सगळ्या उताराला सुखरूप वाट मिळते. काम पंधरा दिवसांचं आहे, दगड आणून टाकलेत. हवी आहे फक्त त्याची संमती. दर वर्षी मी त्याला विचारलं. दर वर्षी एकच उत्तर: "दादा, तो बांध पोकळ आहे. खेकड्यांचं घर आहे. त्याच्याखाली मी पुन्हा उभा राहणार नाही, आणि तुम्हा सगळ्यांचं पाणी माझ्या खाचरात घेऊन बसणार नाही. पुन्हा फुटला तर?"

ऐकलंत? माझ्याच तोंडचे खेकडे तो मला परत देत होता. बांध तेव्हाही भक्कम होता, आजही आहे. पोकळ होतं ते दुसरंच काही.

गेल्या आठवड्यात बाई घरी आल्या. चहा झाला. पान उघडलं. या खेपेला मात्र बोलल्या. "गुरुजी, शनिवारी वही द्यायची आहे. नवीन माणूस येईल. तो विचारेल, हा एकच रकाना कोरा का?"

"काय सांगाल?"

"सांगेन, माझ्याकडून राहिला."

सव्वीस वर्षांत ज्या बाईनं स्वतःच्या कामात रेघेची चूक केली नाही, ती माझ्या चुकीवर स्वतःचं नाव घालून निघाली होती. त्याच दिवशी मी धाकट्याला पत्र लिहिलं. मुलांना निबंध शिकवण्यात जन्म गेला, पण ते दोन पानांचं पत्र लिहायला मला दिवस लागला. त्यात सगळं लिहिलं. कुदळ, तीन वार, सांडव्यातला कचरा, खेकडे. शेवटी लिहिलं, शनिवारी बाईंचा निरोप आहे, सगळ्यांसमोर सांगणार आहे, येता आलं तर ये. आणि हेही लिहिलं, की संमतीसाठी हे पत्र नाही. संमती देऊ नकोस हवं तर, पण कारण तरी खरं असू दे.

आठ दिवस झाले, उत्तर नाही. ती दुसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची मी मुद्दाम धरून ठेवायला सांगितली होती. रिकामीच आहे. हे पत्र वाचून तो आला नाही, तर त्यात त्याचा काय दोष? मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

पण मी जे करायचं ते करतो. बाई, वही तुमच्या झोळीत आहे, मला दिसतेय. काढा. साहेब, दोन मिनिटं, ही कार्यालयीन नोंदच आहे. पान तुम्हाला बघावं लागणार नाही, बोट आपोआप जाईल. लिहा. कारण: कुदळ. कोणाची: वरच्या खाचरवाल्याची. बांध मूळचा भक्कम होता, हेही लिहा. माझी सही हवी असेल तर ही घ्या.

झालं? अक्षर तुमचं नेहमीसारखंच आहे, टपोरं.

मंडळी, तुम्ही एकमेकांकडे बघायला लागलात. पंपवालेसुद्धा. चालेल. तुमच्या मुलांना ज्यानं खरं बोलायला शिकवलं त्या माणसानं तुम्हाला एकोणीस वर्षं फसवलं, हे पचायला वेळ लागेल. उद्यापासून मला गुरुजी म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. आपला उतार आता एका माणसाच्या खोटेपणानं वाहून जाण्यातला राहिलेला नाही. ज्या उतारावर अडतीस घरं आपलं पाणी निवळेपर्यंत थांबतात, खालच्याचा विचार करून मगच तोंड उघडतात, त्या उताराला मी भ्यायचं कशाला? धाकट्यानं संमती दिली तर उत्तम. नाही दिली तर शिंपीदादांच्या कोपऱ्याला आपण दगड लावू, माझ्या खाचराची कड तोडून चर रुंद करू. जमीन माझी जाईल, आणि ती जाणं रास्त आहे. हे मी ठरवून आलोय.

बाई, तुमच्याविषयी बोलायला उभा राहिलो आणि स्वतःविषयीच जास्त बोललो. पण तुमचं काम सांगायचं म्हणजे दुसरं काय सांगणार? तुम्ही आमच्या बाटल्या खिडकीत ठेवल्या आणि वाट पाहिली. कुणाची तीन दिवसांत निवळली. माझीला एकोणीस वर्षं लागली. तुम्ही बाटली हलवली नाहीत, एवढे तुमचे उपकार.

आता आभार. हे सभागृह उघडून दिल्याबद्दल बियाणे सोसायटीचे, मला दिलेल्या दहा मिनिटांची चाळीस मिनिटं होऊनही घड्याळाकडे न पाहिल्याबद्दल अध्यक्षांचे, जेवणाच्या वेळी भाषण ऐकून घेतल्याबद्दल साहेबांचे, आणि यजमानांचे तर किती मानावेत! बोलण्याच्या ओघात कुणाच्या बांधाला माझा पाय लागला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, वयामुळे एखादी गोष्ट दोनदा सांगितली गेली असेल, तर ती पोटात घाला आणि...

थांबा. दाराशी काय चाललंय? कोण आहे? खालच्या मंडळींनो, वाट द्या जरा. तिला आत येऊ द्या. अगं, पाय चिखलाचे असू देत, हे सभागृह भातवाल्यांचंच आहे. ये अशी पुढे. मला नीट दिसत नाही, कुणाची गं तू? शिंपीदादांकडे आलीस का पाहुणी?

कोण म्हणालात पंपवाले?

धाकट्याची?

एवढी मोठी झालीस! ये बाळ. बाबा कुठायत तुझे? मोठ्यानं सांग, तुझ्या मोठ्या काकांचा हा कान काम करत नाही. इथं माइकजवळच ये. काय?

मंडळी, माझी पुतणी म्हणतेय... थांब, मला सांगू दे त्यांना... म्हणतेय, सकाळच्या गाडीनं दोघं आले. पत्र मिळालं. बाबा वर यायला तयार नाहीत, सकाळपासून खाली खाचरातच आहेत, वाळू उपसताहेत. आणि आत्ता तिला वर पिटाळलंय, निरोप देऊन. सांग गं, तुझ्या तोंडानंच सांग सगळ्यांना. नको? बरं, मी सांगतो.

"दादाला म्हणावं, भाषण आवर आणि खाली ये. कुदळ नेमकी कुठे मारली होतीस ते दाखव. सांडवा तिथंच घालायचाय."